मुलांचे इंग्रजी भाषण आणि समूहपठन : तयारी कशी करावी?

(विहाराच्या वर्धापनदिन समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला आज जो विषय दिला आहे तो वरवर पाहिला तर शाळेचा विषय आहे. विहारात हा विषय कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण आपल्या पेठेतली मुले आता वक्तृत्व स्पर्धेत इंग्रजीतून बोलू लागली आहेत. १४ एप्रिलची जयंती असो, २६ जूनची शाहू जयंती असो, नाहीतर २६ नोव्हेंबरचा संविधान दिन असो, कुठे ना कुठे इंग्रजी भाषणाची स्पर्धा असतेच. त्यात 'कोरल स्पीकिंग' नावाचा प्रकारही ऐकू येतो. आपण त्याला मराठीत समूहपठन म्हणू. वीसपंचवीस मुलांनी एकत्र उभे राहून, चाल न लावता, एखादी कविता किंवा उतारा अर्थासह म्हणायचा, हा तो प्रकार. आणि मग आईवडील येऊन म्हणतात, "बाई, आमच्या पोराला तेवढं इंग्रजीत भाषण लिहून द्या की." त्यांच्या या मागणीवरच मला आज बोलायचे आहे.

इंग्रजीची गरज आपल्या माणसांना आज कळली असे नाही. १८५४ साली निघालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजी शिका म्हणून सांगणारी कविता लिहिली. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. तोपर्यंत बहुतेक मराठी शाळांत पाचवीला पोहोचल्यावर एबीसीडी गिरवायची असा क्रम होता. म्हणजे सावित्रीबाईंची हाक शाळेच्या पहिल्या बाकापर्यंत पोहोचायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. आज इथे बसलेल्या आजी-आजोबांच्या वाट्याला जे आले नाही ते नातवंडांच्या वाट्याला आले आहे. ते वाया जाऊ द्यायचे नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या डोळ्यासमोर आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत, राजेमहाराजे आणि ब्रिटिश मुत्सद्दी समोर बसलेले असताना, अस्पृश्यांचे गाऱ्हाणे त्यांनी रोखठोक मांडले. हे सगळे इंग्रजीत. आणि हेच बाबासाहेब २१ आणि २२ मार्च १९२० ला आपल्या जिल्ह्यातल्या माणगावला आले, छत्रपती शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषदेत बोलले, तेव्हा समोर आपली माणसे होती म्हणून मराठीत बोलले. ज्याला जे सांगायचे ते त्याला समजेल अशा भाषेत सांगायचे, हा त्यांचा साधा हिशेब होता. इंग्रजी मिरवण्यासाठी त्यांनी कधी वापरली नाही.

त्यांच्या भाषणांची आणखी एक गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवावी. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी लिहून झाले. मंडळाला त्यातला काही मजकूर पचेना. तो बदला म्हणून पत्रे आली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद बारगळली आणि ते न झालेले भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. 'अनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच. भाषण स्वतःचे होते म्हणून ते त्याच्यामागे असे उभे राहू शकले. दुसऱ्याने लिहून दिलेल्या मजकुरासाठी कोण एवढे सोसेल?

आता आपल्याकडे काय चालते ते बघू. स्पर्धेचे पत्रक आले की आपण कुणाला तरी गाठतो. कुणी सर, कुणी बाई, कुणी शिकवणीवाले. हल्ली तर मोबाईलवर आयते भाषण मिळते. त्यात असे जड जड शब्द असतात की मोठ्या माणसालाही शब्दकोश काढावा लागावा. मूल बिचारे पंधरा दिवस ते घोकते. स्पर्धेच्या दिवशी तीन मिनिटांत रेल्वे सुटल्यासारखे म्हणून टाकते. मधला एक शब्द निसटला की गाडी रुळावरून खाली. आणि परीक्षकाने सहज विचारले, "तू आत्ता जे बोललास त्याचा अर्थ काय रे बाळा?" तर मान खाली. बक्षीस मिळो न मिळो, त्या मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते की इंग्रजी ही आपली नव्हे, ती दुसऱ्याने द्यायची आणि आपण म्हणून दाखवायची वस्तू आहे. हे नुकसान फार मोठे आहे. त्याची भरपाई ढाल मिळाली म्हणून होत नाही.

आपण रोज पंचशील घेतो. न दिलेले घेणार नाही म्हणतो, खोटे बोलणार नाही म्हणतो. मग दुसऱ्याचे भाषण उचलून स्वतःचे म्हणून सांगायला मुलाला आपणच कसे लावतो? मुलाला मदत जरूर करावी, पण त्याचे काम आपण करू नये.

मुक्ता साळवे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली ही मातंग समाजाची मुलगी. चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तिने जे पाहिले, जे भोगले, ते लिहिले. म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनीही तो निबंध लोक वाचतात. आपल्या मुलांनाही सांगण्यासारखे पुष्कळ असते. आईची धुण्याभांड्याची कामे, बापाची रिक्षा, रंकाळा, पंचगंगेचा पूर, शाळेतला मित्र, आजीने सांगितलेली जुनी गोष्ट. यातले सांगायला मोठी इंग्रजी लागत नाही.

तर तयारी कशी करावी? खासबाग मैदान आपल्या शेजारीच आहे, म्हणून तालमीच्या भाषेत सांगते. पैलवान मैदानात उतरतो तो एका दिवसाच्या जोरावर उतरत नाही. रोजचे जोर-बैठका असतात. भाषणाचेही तसेच आहे. रोज वीस मिनिटे, पण रोज. निदान तीन आठवडे.

पहिला आठवडा मराठीचा. मुलाला विचारा, या विषयावर तुला काय वाटते? ते मराठीत बोलू द्या, कोल्हापुरीत बोलू द्या, मधे अडवू नका. त्यातल्या तीन गोष्टी निवडा. तीनच. मग प्रत्येक गोष्टीची पाचसहा छोटी वाक्ये त्याने स्वतः इंग्रजीत लिहावीत. चुकली तर चुकू देत. मोठ्यांनी फक्त व्याकरण दुरुस्त करावे, विचार बदलू नये. शब्द अडला तर शब्दकोशात त्याने स्वतः शोधावा. मुलाने सावकाश बोलायचे तर एका मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. तेव्हा तीन मिनिटांच्या भाषणाला तीनशेच्या आतच मजकूर ठेवावा. त्याहून जास्त झाला की पळापळ ठरलेली.

दुसऱ्या आठवड्यात पाठ करायचे, पण ओळीमागून ओळ नव्हे. आधी क्रम पाठ करावा. पहिली गोष्ट कोणती, दुसरी कोणती, शेवट काय. मग मधला एखादा शब्द विसरला तरी मूल दुसऱ्या शब्दात तेच सांगू शकते. १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत अध्यक्षांनी बाबासाहेबांना अचानक बोलायला बोलावले. आपल्या आधी वीसबावीस वक्ते आहेत, आपला नंबर दुसऱ्या दिवशी येईल, असे त्यांना वाटले होते. ते त्यांनी बोलूनही दाखवले. तरी त्या दिवशी झालेले भाषण सभागृहाने कान देऊन ऐकले. जन्मभराचा अभ्यास पाठीशी होता म्हणून हे जमले. विषय डोक्यात पक्का असला की कागद नसला तरी चालते.

तिसऱ्या आठवड्यात उभे राहून बोलायचे. इथे मला आया-बहिणींना मुद्दाम सांगायचे आहे. तुम्ही म्हणता, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार? अहो, सगळ्यात मोठी परीक्षक तुम्हीच आहात. भाकरी थापता थापता पोराला म्हणा, "काय बोललास ते आता मला मराठीत सांग." त्याने नीट सांगितले तर भाषण त्याला कळले आहे. अडखळला तर समजा नुसते घोकले आहे. आजीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी बसवा. प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो की नाही हे सांगायला इंग्रजी यावे लागत नाही. वडिलांनी घड्याळ धरावे. अशी घरातली सगळी माणसे कामाला लागली की शिकवणीची फी भरायची गरज राहत नाही.

उच्चारांबद्दल थोडे सांगते. साहेबासारखे बोलायचा अट्टाहास नको. बाबासाहेबांची १९५५ सालची बीबीसीची मुलाखत आज मोबाईलवर ऐकायला मिळते. ती मुलांना जरूर ऐकवा. बोलणे स्पष्ट हवे, बस्स. पण दोनतीन गोष्टी आपल्या मराठी जिभेला मुद्दाम शिकवाव्या लागतात. इंग्रजीत 'व' दोन आहेत. 'व्हॉइस' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'वुई' म्हणताना दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. आपला मराठी 'व' या दोहोंच्या मधला, म्हणून गल्लत होते. आरशासमोर दहा वेळा म्हटले की जमते.

दुसरी गोष्ट जोराची. मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरे साधारण सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची हलकी होतात. १९४२ च्या नागपूर परिषदेतला बाबासाहेबांचा मंत्र आपल्याला ठाऊक आहे. एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. आपली मुले शेवटच्या 'केट', 'टेट', 'नाइज' वर जोर देतात. खरा जोर पहिल्या अक्षरावर आहे. 'ए', 'ॲ', 'ऑर'. तसे म्हणून बघा. तिन्ही शब्द एका तालात येतात, पावले टाकल्यासारखे.

आता समूहपठनाकडे येते. विलायतेत शाळांमधून हा प्रकार रुजला तो साधारण शंभर वर्षांपूर्वी. ग्लासगोच्या मार्जोरी गुलन या शिक्षिकेने १९२० नंतरच्या काळात तो नावारूपाला आणला. पण बौद्ध माणसाला यात नवे वाटण्यासारखे काही नाही. 'संगीति' या शब्दाचा मूळ अर्थच एकत्र म्हणणे असा आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीति झाली. आनंदाने धम्म सांगितला, उपालीने विनय सांगितला आणि संघाने तो स्वीकारला. पुढे श्रीलंकेत इसवी सनाच्या आधीच्या शतकात तो ताडपत्रांवर लिहिला जाईपर्यंत भिक्षूंनी एकत्र म्हणून म्हणूनच तो जपला. एकटा विसरला तर शेजारचा सावरणार. समूहपठनाचे सगळे मर्म यात आले.

कसे म्हणावे याचीही शिकवण आपल्याकडे आहे. अवंती देशातला सोण कुटिकण्ण नावाचा तरुण भिक्षू लांबचा प्रवास करून श्रावस्तीला आला. ते त्या काळी आडवळणाचे, सीमेवरचे मुलुख समजले जात. पहाटे भगवंतांनी त्याला धम्म म्हणायला सांगितले. त्याने अट्ठकवग्ग म्हणून दाखवला. भगवंतांनी कौतुक केले ते त्याचे पाठांतर चांगले म्हणून आणि वाणी स्पष्ट, निर्दोष, अर्थ पोहोचवणारी म्हणून. तो कुठल्या गावचा, हे आडवे आले नाही. आणि विनयात असेही आहे की धम्म गाण्यासारखा लांबलचक आळवू नये, म्हणणारा आणि ऐकणारे दोघेही नुसत्या सुरात अडकतात. समूहपठनात हीच चूक फार होते. मुले सूर लावून पाढे म्हटल्यासारखे म्हणतात आणि अर्थ सुराखाली दबून जातो.

म्हणायला मजकूर कोणता घ्यावा? माझी सूचना आहे की सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेने करावी. ती मुलांना मराठीत पाठ असते, म्हणजे अर्थाची वाट मोकळी झालेली असते. इंग्रजीत ती सगळी उद्देशिका मिळून एकच लांब वाक्य आहे. कर्ता 'वुई' अगदी सुरुवातीला आणि आम्ही काय करतो ते सांगणारे मुख्य क्रियापद अगदी शेवटी. मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. हे मुलांना आधी फळ्यावर दाखवा. शेवटपर्यंत वाक्य पुरे झालेले नाही हे कळले की मधे आवाज पडत नाही.

मांडणी अशी करता येईल. पहिला शब्द सर्वांनी मिळून, कारण तो 'आम्ही' आहे. मग चार गट. पहिल्याने न्यायाचा भाग घ्यावा, दुसऱ्याने स्वातंत्र्याचा, तिसऱ्याने समतेचा, चौथ्याने बंधुतेचा. शेवट पुन्हा सर्वांनी. गट करताना आवाज बघावा. नाजूक आवाजाची, मधल्या आवाजाची, भारी आवाजाची मुले वाटून द्यावीत. 'लिबर्टी' मध्ये जोर 'लि' वर, 'इक्वॉलिटी' मध्ये 'क्वॉ' वर, 'फ्रॅटर्निटी' मध्ये 'टर' वर. श्वास कुठे घ्यायचा तिथे कागदावर पेन्सिलीने उभी रेघ मारावी आणि सगळ्यांनी तिथेच घ्यावा. आधी नुसते कुजबुजत म्हणायला लावावे. कुजबुजीत व्यंजने स्वच्छ झाली की मोठ्या आवाजात आपोआप होतात. शब्दाच्या शेवटी 'स' आला की वीस मुलांचा मिळून कुकर शिट्टी दिल्यासारखा आवाज होतो. म्हणून तो सर्वांनी एकदम आणि आखूड म्हणायचा. हातवारे कमी. ओरडणे नको.

बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवरून सांगितले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. हे मुलांना सांगितले की त्या शब्दांचे वजन त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता सर्वात महत्त्वाचे बोलते. समूहात कोणाला घ्यायचे? स्पर्धा म्हटली की चांगल्या उच्चाराची मुले पुढे उभी केली जातात. जे अडखळते, तोतरे बोलते, नुकतेच खेड्यातून आलेले असते, त्याला एक तर वगळतात, नाहीतर कानात सांगतात, "तू नुसते ओठ हलव." बंधू-भगिनींनो, हे आपल्या विहारात होता कामा नये. ज्या समाजाला शतकानुशतके गप्प बसवले गेले त्या समाजाच्या मुलाला आपणच ओठ हलवायला सांगायचे? आणि तेही 'आम्ही' म्हणताना? शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. हुशार तेवढीच मुले बसवा असे ते म्हणाले नाहीत.

उलट समूहपठनाचा खरा उपयोग याच मुलांना आहे. एकटे उभे राहिले की ज्याचे पाय लटपटतात ते मूल शेजाऱ्याच्या आवाजाच्या आधाराने बोलते. आधी समूहात, मग चौघांत, मग दोघांत, मग एकटे. एवढ्या पायऱ्या दिल्या की लाजरे मूलही मंचावर चढते. म्हणून माझे मत असे की आधी समूहपठन आणि मग भाषण, हाच क्रम असावा. त्यात एखादा गुण कमी पडला तर पडू दे. गुण पुढच्या वर्षी मिळतील. एकदा गप्प बसवलेले मूल पुढच्या वर्षी बोलेलच असे नाही.

स्पर्धेच्या दिवशी मुलाला पोटभर खायला घाला, पाणी द्या, वेळेच्या आधी न्या. हरले तर रस्त्यात रागावू नका. घरी आल्यावर एवढेच विचारा की आज दुसऱ्या कुणाचे काय चांगले ऐकलेस. जे दुसऱ्याचे चांगले ऐकायला शिकते ते पुढे चांगले बोलते.

शेवटी विहार समितीला विनंती करते. दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास हे सभागृह मुलांच्या इंग्रजीसाठी द्यावे. दोन चांगले शब्दकोश आणि एक फळा एवढे पुरे. पेठेतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आळीपाळीने यावे. येत्या २६ नोव्हेंबरला याच ठिकाणी आपल्या सर्व मुलांनी उद्देशिका आधी मराठीत आणि मग इंग्रजीत म्हणावी. त्याला नंबर नको, बक्षीस नको. जेवढी मुले तेवढे आवाज. आईवडिलांनी समोर बसून ऐकावे, आणि ज्यांना वाटेल त्यांनी मुलांबरोबर उभे राहून म्हणावे.